अकराशे चाळीस पानं आणि एक नुक्ता

ही गोष्ट लिहायची मी तीन वर्षं टाळत आलो. जमातीला सांगितली, घरात सांगितली, केपटाऊनच्या एका बाईंना कळवली. पण लिहिली नाही. आता लिहितोय, कारण गेल्या महिन्यात शेजारच्या गावच्या जमातीतला एक तरुण माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आमच्या मशिदीच्या जुन्या वह्यांचे नऊशे फोटो काढलेत. फार जड झालेत. सगळे एकदम लहान कसे करायचे, तेवढं दाखवा." मी त्याला आधी चहा दिला, आणि मग संगणक सुरू न करताच बोलायला लागलो. तो बिचारा पाच मिनिटांचं काम घेऊन आला होता, तासभर अडकला. त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो.

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला, बुधवारी होती. दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं. त्या पुराबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, मी नव्याने काही सांगायला नको. आमच्या मोहल्ल्यात फ्रिझरमध्ये ठेवलेलं कुर्बानीचं गोश्त, ईदचे नवे कपडे, दुकानातला माल, सगळं एका दिवसात चिखल झालं. आम्ही माडीवर होतो. खाली मशिदीचं दफ्तर तळमजल्यावर, आणि दफ्तरातल्या लोखंडी कपाटात निकाहच्या पाच वह्या.

पाणी ओसरल्यावर कपाट पहारीने उघडावं लागलं. आत वह्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या, ओल्या भाकरीच्या चवडीसारख्या. सर्वात जुनी वही शंभर वर्षांहून जुनी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ७८६, खाली उर्दूत रकाने: दुल्ह्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, दुल्हनचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, वकील, दोन गवाह, मेहेर, तारीख, काझींची सही. शेवटी एक अरुंद रकाना शेऱ्याचा. मधल्या वह्यांत काही शेरे मराठीतही आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे आमचे एक काझी रकाने उर्दूत भरत आणि शेरा मराठीत लिहीत. का, ते विचारायला आता कोणी उरलं नाही.

गंमत म्हणजे जुन्या वह्यांची काळी रोशनाई टिकली होती आणि नंतरच्या वह्यांतली निळ्या पेनाची शाई वाहून गेली होती. आम्ही पानांच्या मध्ये वर्तमानपत्रं घातली, वीज नव्हती म्हणून पुठ्ठ्याने वारा घातला. माझी भाची आणि तिची मैत्रीण, दोघी कॉलेजात शिकणाऱ्या, म्हणाल्या, "मामू, सुकण्याची वाट बघू नका. जेवढी पानं सुटतायत तेवढ्यांचे फोटो काढून घेऊ." पाऊस थांबेल तेव्हा गच्चीवर पांढरी चादर अंथरायची, एकीने लाकडी पट्टीने पान उचलून धरायचं, दुसरीने मोबाईलने फोटो काढायचा. चार दिवस. अकराशे चाळीस फोटो. मोबाईल भरला की माझ्या लॅपटॉपवर उतरवायचे, मोबाईल रिकामा करायचा, पुन्हा सुरू.

पुढच्या दोन महिन्यांत वह्यांवर काळी बुरशी चढली. पानं हातात घेतली की पीठ होत होतं, दफ्तरात बसणाऱ्याला खोकला लागत होता. प्रत्येक पानावर बिस्मिल्लाहची खूण, म्हणजे रद्दीत देता येत नाही, जाळणंही कोणाला पटेना. असे पाक कागद आपल्याकडे कब्रस्तानात स्वच्छ जागी दफन करतात. बैठकीत एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, वह्या मातीत घातल्या तर मागे काय राहणार?" मी म्हणालो, "चाचा, फोटो आहेत ना."

हे वाक्य माझं आहे. ते मी अजून विसरलेलो नाही. पांढऱ्या कपड्यात गुंडाळून आम्ही त्या पाच वह्या कब्रस्तानाच्या भिंतीकडेला, जांभळाखाली दफन केल्या. त्या दिवसापासून वह्या म्हणजे माझ्या लॅपटॉपमधले अकराशे चाळीस फोटो.

आता मूळ विषयाकडे येतो.

पुराच्या मदतीसाठी कुवेत, दुबई, कतारला असलेल्या आमच्या माणसांनी पैसे पाठवले होते. केपटाऊनहूनही आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला कोकणातले बरेच मुसलमान केपला गेले. तिथे आजही त्यांना कोकणी म्हणूनच ओळखतात. या सगळ्यांना निकाहच्या वह्यांचे फोटो पाठवावेत, असं २०२२च्या जानेवारीत बैठकीत ठरलं. हल्ली कागद दाखवा म्हणण्याचे दिवस आहेत. जो तो आपल्या आज्याचा, पणज्याचा पुरावा शोधतो आहे. तेव्हा सगळ्यांनाच हौस होती.

पण पाठवायचे कसे? एकेक फोटो चार एमबीचा. सगळे मिळून साडेचार जीबी. मेलला पंचवीस एमबीच्या वर काही जोडता येत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "मोबाईलवर दिसलं म्हणजे झालं. कोणाला भिंतीवर लावायचंय?" मला ते पटलं.

एकेक फोटो उघडून लहान करायचा तर महिना गेला असता. म्हणून मी इरफानव्ह्यू उतरवून घेतला. चित्रं बघायचा हा छोटासा प्रोग्राम १९९६पासून आहे आणि घरगुती वापराला फुकट आहे. तो बनवणारा इरफान स्किल्यान हा बोस्नियात जन्मलेला, व्हिएन्नात शिकलेला माणूस. इरफान म्हणजे ओळख, जाणीव, खोलवरचं ज्ञान. शाळेत मुलांना हे सांगताना मला उगाच अभिमान वाटायचा. या प्रोग्राममध्ये शेकडो चित्रांवर एकाच वेळी एकच काम करायची सोय आहे. फोल्डर दाखवायचा, सगळी चित्रं यादीत घालायची, लांब बाजू किती ठेवायची ते लिहायचं, नवी चित्रं कुठे ठेवायची ते सांगायचं, आणि सुरू.

मी लांब बाजू १०२४ लिहिली. नवी चित्रं ठेवायला हाच फोल्डर निवडला, कारण दुसरा बनवायचा कंटाळा आला. आधीच्या फाइलवरच लिही अशा अर्थाची एक चौकट असते, तिथे टिचकी मारली, कारण नाहीतर प्रत्येक फाइलला विचारत बसेल असं वाटलं. प्रोग्रामचा काही दोष नाही. त्याने मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो.

अकरा मिनिटं लागली. खिडकीत फाइलींची नावं सरसर वर जात होती. दोन पोरींनी चार दिवस उन्हापावसात केलेलं काम माझ्यासमोर अकरा मिनिटांत आटपत होतं, आणि मी चहा पीत त्याकडे कौतुकाने बघत होतो. साडेचार जीबीचे दोनशे एमबी झाले. मी मोबाईलवर दोनचार पानं उघडून बघितली. रकाने दिसत होते, नावं दिसत होती, ७८६ ठळक दिसत होतं. त्या रात्री सगळीकडे पाठवून दिले. कुवेतहून आलेल्या शाबासकीच्या आवाजी निरोपांनी माझा मोबाईल दोन दिवस भरलेला होता.

इथे थोडा हिशेब सांगतो, कारण तो मी तेव्हा केला नाही. मोबाईलचा मूळ फोटो ४००० × ३००० पिक्सेलांचा, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. लहान केलेला १०२४ × ७६८चा, म्हणजे ७,८६,४३२. हा आकडा मी नंतर कागदावर गुणाकार करून बघितला तेव्हा सुरुवातीचे तीन अंक बघून हात थांबला. म्हणजे पंधरा ठिपक्यांच्या जागी एक. संगणक काय करतो? शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो. काळा, पांढरा, तपकिरी, सगळे मिसळून एक मधला रंग बनवतो आणि तो ठेवतो. मूळचे पंधरा कुठले होते हे त्या एकाला माहीत नसतं. त्यातून जेपीईजी पुन्हा आपली काटकसर करतो: बारीक तपशील गाळतो, रंगाचा तपशील तर बहुधा त्याहून जास्त. पुढे तुम्ही ते चित्र कितीही ताणून मोठं करा, ठिपके वाढतील, पण गेलेली माहिती येणार नाही. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत.

वहीच्या पानावर याचा अर्थ काय? मोठ्या अक्षरातलं ७८६ राहतं. रकान्यांची नावं राहतात. टाकाने लिहिलेलं दुल्ह्याचं नाव बरंचसं राहतं. पण अर्धा मिलिमीटर जाडीचा नुक्ता, जो आधी पाच-सहा ठिपके रुंद होता, तो दीड ठिपक्याचा होतो. आणि शेऱ्याच्या रकान्यातली शिसपेन्सिलीची बारीक ओळ करड्या सावलीसारखी उरते.

उर्दू न वाचणाऱ्यांसाठी सांगतो. त्या लिपीत कितीतरी अक्षरांचं शरीर एकच असतं, फरक फक्त नुक्त्यांचा. खाली एक नुक्ता दिला तर 'बे', खाली तीन दिले तर 'पे', वर दोन दिले तर 'ते'. खुदा आणि जुदा यांत एका नुक्त्याच्या जागेचा फरक आहे, वर की खाली. लहानपणी आम्हाला मौलवीसाहेब हे सांगून छडी उगारायचे. मराठी शाळेत तीच गोष्ट वेगळ्या तोंडून ऐकली: नारायणराव पेशव्याला 'धरावे' असं पत्रात होतं, कोणीतरी 'ध'चा 'मा' केला आणि १७७३ साली गारद्यांनी त्याला मारलं. आख्यायिका म्हणा हवं तर. पण एका अक्षरावर माणूस असतो हे मी दोन्ही भाषांत शिकलो होतो. मग १०२४ लिहिताना का आठवलं नाही?

त्या वर्षीच्या रमजानमध्ये केपटाऊनहून एका बाईंची मेल आली. इंग्रजीत, अदबशीर, सलामने सुरू झालेली. त्यांचे पणजोबा आमच्या मोहल्ल्याचे. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, अंदाजे साल, सगळं दिलं होतं. घरात सांगत आले होते की पणजीचं नाव जैनब आणि ती लग्नानंतर काही वर्षांनी बोटीने केपला आली. पण त्यांच्या एका म्हाताऱ्या फुफीने मरण्याआधी वेगळंच सांगितलं: पणजोबांचा एक निकाह हिंदुस्थानात आधीच झाला होता, ती बाई तिकडेच राहिली, तिचं नाव घरात कोणी घेत नसे. बाईंनी विचारलं होतं: मी पाठवलेल्या फोटोंत त्यांना पणजोबांचं पान सापडलं आहे, पण दुल्हनचं नाव नीट लागत नाही, उर्दू येणाऱ्यांनाही दाखवलं. मूळ मोठा फोटो पाठवता येईल का?

मी पान उघडलं. पहिल्या वहीतलं. दुल्ह्याचं नाव स्वच्छ. वडिलांचं नाव स्वच्छ. मेहेर सव्वाशे रुपये, स्वच्छ. दुल्हनचं नाव 'जे'ने सुरू होतं, पुढे दोन दात आणि शेवटी एक लांब होडी. आता गंमत बघा. जैनब आणि जीनत ही दोन्ही नावं उर्दूत लिहिताना अगदी एकसारखी असतात. शेवटच्या होडीखाली एक नुक्ता असेल तर जैनब, होडीवर दोन असतील तर जीनत. होडीच्या वर एक तपकिरी डाग होता, खालीही एक होता. पुराच्या चिखलाचे शिंतोडे सगळ्या पानभर. मूळ फोटोत शाईचा काळेपणा आणि चिखलाचा तपकिरीपणा वेगळा ओळखता आला असता, शाईची कड धारदार दिसली असती. इथे दोन्ही एकाच रंगाचे, कड नसलेले. आणि शेऱ्याच्या रकान्यात शिसपेन्सिलीने लिहिलेली एक ओळ. तिच्यातलं 'केप' एवढं ओळखू येत होतं. पुढचे तीनचार शब्द म्हणजे धूर.

मी त्यांना लगेच कळवलं, इन्शाअल्लाह, उद्या मूळ फोटो पाठवतो. मग फोल्डर उघडला आणि फाइलचा आकार बघितला. १७० केबी. दुसरी बघितली. १६५. मी सगळ्या फाइली आकाराने लावल्या. सर्वात मोठी २१० केबीची होती.

त्या क्षणाचं वर्णन करत नाही. मी उठून वुजू केला आणि तरावीहला गेलो. तिथे उभा राहिलो एवढंच आठवतं, काय पढलं गेलं ते नाही.

दुसऱ्या दिवसापासून धावाधाव. संगणक दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या पोराने गेलेल्या फाइली परत काढायचे दोनतीन प्रकार करून बघितले. तो म्हणाला, "सर, फाइल डिलीट झाली असती तर काही हाताला लागलं असतं. तुम्ही तर तिच्यावरच दुसरी लिहिलीत. आणि वर तीन महिने लॅपटॉप वापरलात." भाचीला फोन केला. "बाय, तुझ्या मोबाईलमध्ये काही राहिलंय का?" तिने शोधलं. शेवटच्या दिवशीचे तीनशे बारा फोटो तिने पुसायचे राहून गेले होते. ते चौथ्या आणि पाचव्या वहीचे. पहिल्या वहीचा एकही नव्हता. मैत्रिणीने तर नवा मोबाईल घेतला होता. अकराशे चाळिसांतले तीनशे बारा वाचले ते एका मुलीच्या आळसामुळे, आणि आठशे अठ्ठावीस गेले ते माझ्या टापटिपीमुळे.

मग कोणीतरी सांगितलं, आता फोटो मोठा आणि स्पष्ट करून देणारी ॲप आली आहेत, ती बुद्धी वापरून हरवलेला तपशील भरून काढतात. मी एकात ते पान घातलं. अर्ध्या मिनिटात पान आलं, आणि सुभानल्लाह, काय सुंदर! होडीखाली एक काळाभोर, गोल नुक्ता. जैनब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेल लिहायलाही घेतली: अल्हम्दुलिल्लाह, तुमच्या घरचं म्हणणं खरं आहे.

पाठवायच्या आधी मनात काय आलं कोण जाणे, तोच फोटो दुसऱ्या ॲपमध्ये घातला. त्यानेही पान लख्ख करून दिलं. होडीवर दोन नुक्ते. जीनत.

दोघांपैकी कोणी खोटं बोलत होतं असं नाही. त्यांना उर्दू येत नाही, निकाह कळत नाही. दोघांनी आपापल्या अंदाजाने डागाचा ठिपका केला. मी पहिलंच ॲप वापरून थांबलो असतो तर एका घराला त्यांच्या पणजीचा पुरावा म्हणून एक बनावट नुक्ता पाठवला असता. तो त्यांनी चौकटीत लावला असता. आणि त्याच्याखाली दुसरी बाई, असली तर, कायमची दफन झाली असती. 'ध'चा 'मा' करायला दरवेळी आनंदीबाई लागते असं नाही. चांगल्या मनाने मदत करणारा मास्तरही पुरतो.

जुम्म्याच्या नमाजनंतर मी जमातीसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. अमानतीत खयानत झाली, असा शब्द मी स्वतःच वापरला. वाटलं होतं, लोक चिडतील. बहुतेकांना काय झालं तेच कळलं नाही. "फोटो तर आहेत ना माझ्याकडे," एक जण मोबाईल काढून म्हणाला, "हे बघा, दिसतंय की." ज्या चाचांनी वह्या दफन करताना विचारलं होतं, ते मात्र काही बोलले नाहीत. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दिसणं आणि वाचता येणं यांतला फरक मला त्या दिवशी कळला. मोबाईलवर सगळी पानं दिसतात. कोणाचं काही गेलं आहे असं वाटतच नाही. पुराने नेलं ते डोळ्यांना दिसलं, त्याचा पंचनामा झाला. मी नेलं त्याचा पंचनामा कोण करणार?

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. उरलेल्या तीनशे बारा मूळ फोटोंतले शेरे मी एकेक करून उतरवून काढायला घेतले. ते काय आहेत बघा: 'दुल्हा जहाजावर, निकाह वकिलामार्फत.' 'मेहेर बाकी.' 'तलाक झाला.' 'बेवा, दुसरा निकाह.' 'माहेरी परत.' रकान्यांत मोठ्या अक्षरात पुरुषांची नावं असतात: बाप, वकील, गवाह, काझी. बाईची हकीकत कडेला असते, बारीक अक्षरात, नंतर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेली. एकदा निकाह झाला की पुढे रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर ती अमक्याची बायको. तिचं स्वतःचं नाव आणि स्वतःची रक्कम लिहिलेला कागद बहुतेकींच्या आयुष्यात हा एकच. सगळी पानं एकाच मापाने लहान केली की नुकसान सगळ्यांचं सारखं होत नाही. ठळक अक्षर तगतं. कडेचं बारीक आधी जातं. संगणकाला मी एकच नियम दिला होता आणि त्याने तो इमानाने पाळला. अकराशे चाळीस पानांतलं काय विसरायचं याचा निर्णय मी एका टिचकीत घेतला, आणि निर्णय घेतोय हे मला माहीतही नव्हतं.

केपटाऊनच्या बाईंना मी शेवटी खरं ते लिहिलं. वह्या कुठे आहेत, फोटोचं काय झालं, कोणाच्या चुकीने झालं. दोन्ही ॲपची दोन्ही चित्रंही पाठवली, आणि ही का मानू नयेत तेही सांगितलं. आठ दिवस उत्तर आलं नाही. ईदच्या दिवशी आलं. त्यांनी लिहिलं होतं की आधी राग आला, मग वाटलं की निदान तुम्ही आवडतं उत्तर बनवून पाठवलं नाहीत. आता त्या जुम्मेरातीला फातिहा पढताना दोन्ही नावं घेतात, जैनब आणि जीनत. एक असेल तर एकीला दोनदा पोचेल. दोन असतील तर जिचं नाव शंभर वर्षं कोणी घेतलं नाही, तिलाही पोचेल.

हे वाचून माझी चूक माफ झाली असं मी मानत नाही. ज्यांची पानं गेली त्यांतल्या सगळ्यांनी काही मेल पाठवलेली नाही.

त्या तरुणाला मी शेवटी काम दाखवलंच, कारण ते करायला हवंच होतं. जड फोटो कोणी उघडत नाही, आणि न उघडलेला फोटोही दफन झाल्यासारखाच. फक्त क्रम बदलला. आधी नऊशे मूळ फोटोंच्या दोन नकला केल्या, एक पेनड्राइव्हवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवायला सांगितल्या. मग लॅपटॉपवर 'लहान' नावाचा नवा रिकामा फोल्डर बनवला आणि नवी चित्रं तिथेच जातील असं ठरवलं. मूळ फाइलवर लिहायची जी चौकट असते ती रिकामी ठेवली. प्रत्येक प्रोग्रामची रीत वेगळी असते. विंडोजसाठीच्या पॉवरटॉइजमध्ये उजवी टिचकी मारून फोटो लहान करता येतात, आणि आपण वेगळं सांगितलं नाही तर तो नवी नक्कल बनवतो. उलट इमेजमॅजिक या जुन्या, जबरदस्त साधनातली 'मॉग्रिफाय' ही आज्ञा, वेगळा फोल्डर दिला नाही तर, मूळ फाइलच बदलते. तिचं कामच ते आहे. तेव्हा नऊशेंवर चालवायच्या आधी एका नकलेवर चालवून बघायचं.

आणि ती एक नक्कल कुठली? त्याने वहीचं मुखपृष्ठ निवडलं. मी म्हणालो, नाही. सगळ्यांत बारीक, सगळ्यांत पुसट अक्षर ज्या पानावर आहे ते काढ. आम्ही अर्धा तास शोधलं. एका पानाच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं सापडलं. १०२४ला ते गेलं. १६००ला ओळ आहे एवढं कळलं. २४००ला पहिले दोन शब्द लागले. पूर्ण वाचायला मूळ फोटोच उघडावा लागला.

"काय लिहिलंय, सर?" त्याने विचारलं. त्याला उर्दू येत नव्हतं. मी वाचून दाखवलं: मेहेर दिला, बाईच्या हातात.

त्याने ते पान बाजूला वेगळं ठेवलं. मग आम्ही सुरू करायचं बटण दाबलं आणि दोघंही नावं वर सरकताना बघत बसलो. या वेळी मी चहा घेतला नाही.